आबाजींची शेव्हरोले, सहा व्होल्ट आणि जुनी गाणी

काटोलच्या एका संत्रा बागायतदार भावांनी विचारलं आहे. घरी आबाजींच्या वेळची १९५१ ची शेव्हरोले पिकअप आहे, अर्ध्या टनाची. इंजिन मूळचंच, सहा सिलिंडरचं पेट्रोल. डायनॅमो, बॅटरी, दिवे सगळं सहा व्होल्टचं. तीन वर्षं मागे लागून गाडी रस्त्यावर आणली. आता काटोल-नागपूर जाता-येता गाणी हवीत. एका दुकानात सांगितलं की दोन्ही दारं कापून सहा इंची स्पीकर बसवू, सीटमागे फळी ठोकून सहा-बाय-नऊ इंची स्पीकरची जोडी लावू, वर 'हजार वॅट'चा अँप्लिफायर देऊ आणि गाडी बारा व्होल्टची करू. बजेट पंचवीस हजार. करून घेऊ का?

नका करू, भाऊ. निदान आज तरी नका करू.

आधी सीटची पाठ पुढे ओढा आणि मागे बघा. शेव्हरोलेने १९४९ पासून या पिकअपची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत आणली, थेट सीटच्या मागे. म्हणजे तुमची पाठ, सीटचा कापूस, मग टाकी आणि मग मागचा पत्रा. जिथे फळी ठोकायची म्हणतात तिथे सत्तर वर्षांची पत्र्याची टाकी उभी आहे. तिच्यापासून दोन बोटांवर ड्रिल चालवायचं, स्क्रू पिळायचे, मग तिथेच स्पीकरच्या उघड्या पिना ठेवायच्या. टाकीचं झाकण किंवा नळीचा रबर जरा म्हातारा झाला असेल तर मे महिन्यात त्या जागेत वाफ असतेच. दुकानदाराने बहुतेक गाडी न बघताच बेत सांगितला असावा. हल्लीच्या पिकअपमध्ये सीटमागची जागा मोकळी असते, त्या सवयीने बोलला.

आता दाराचं. दार कापायचं पाप मी स्वतः केलंय, म्हणून सांगतो. धंद्याला लागून दोन वर्षं झाली होती. एका ॲम्बेसेडरच्या दारात मोठ्या झोकात भोक पाडलं, स्पीकर बसवला, गाणं लावलं, गिऱ्हाईक खूश. त्यांनी हँडल फिरवून काच खाली घेतली आणि आतून 'टक्' आवाज आला. काच स्पीकरच्या मॅग्नेटवर बसली होती. मी माप घेतलं होतं, पण काच वर असताना. नवी काच माझ्या खिशातून गेली, तेही ठीक. पण तीच गाडी दहा-बारा वर्षांनी पुन्हा माझ्याकडे आली तेव्हा त्या भोकाच्या कडेने पत्रा पापडासारखा झाला होता. कापलेल्या कडेला मी गंज रोखणारं रेड ऑक्साइडसुद्धा लावलं नव्हतं. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जावं म्हणून तर ती भोकं असतात. त्या ओल्या पेटीत आपण स्पीकरचा कागदाचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, टांगतो आणि कडा उघड्या सोडतो.

तुमच्या गाडीच्या दारांना पुढच्या बाजूला उघडणाऱ्या त्रिकोणी काचा आहेत ना? त्या १९५१ पासून आल्या. त्यांची पट्टी आणि मोठ्या काचेची यंत्रणा मिळून दारात जागा आणखी कमी. आणि एकदा कापलेलं ते दार मूळ रूपात परत मिळत नाही. शिवाय २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे केंद्रीय नियम आले. व्यावसायिक वापरात नसलेली, पन्नास वर्षांहून जुनी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. स्पीकरच्या भोकाने कोणी अडवेल असं नाही, पण तुम्ही तीन वर्षं जे जपलं ते एका दुपारी कशाला घालवायचं? (त्या नोंदणीवर रोजचं चालवणं बसत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती अशा कामांपुरतंच, तेव्हा अर्ज करण्याआधी विचार करा.)

आता मुख्य गोष्ट. लोक स्पीकरपासून सुरुवात करतात, जुन्या गाडीत सुरुवात विजेपासून करायची.

तुमचा डायनॅमो चांगला असला तरी तीस-पस्तीस अँपिअरचा, तोही सहा व्होल्टला आणि तोही इंजिन पळत असताना. म्हणजे जेमतेम दोनशे वॅट. काटोल नाक्यावर सिग्नलला उभे राहिलात की डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा कटआउट उघडतो आणि गाडी सगळी बॅटरीवर चालते. त्यात हेडलाइट, त्यात इग्निशन. बाजारातला बहुतेक प्रत्येक अँप्लिफायर आणि स्टिरिओ बारा व्होल्टचा. मग उपाय दोन सांगितले जातात. एक, अख्खी गाडी बारा व्होल्टची करा. ते होतं, मी केलंय. पण अल्टरनेटर, कॉइल, एकूण एक बल्ब, हॉर्न, मीटरसाठी वेगळे रेझिस्टर, हे सगळं आलं. स्टार्टर बिचारा सहा व्होल्टचाच बारावर जोरात फिरतो आणि सहसा तग धरतो. गाण्यासाठी एवढं? दुसरा उपाय, सहाचे बारा करणारा कन्व्हर्टर. तो बारा व्होल्टला दहा अँपिअर देतो तेव्हा गाडीकडून वीसहून जास्त ओढतो, आणि ती ओढ सत्तर वर्षांच्या सुती वेष्टणाच्या वायरींतून जाते. त्या वायरी बोटात धरून वाकवा, वेष्टणाचा भुगा होतो. नको.

मी तुमच्या जागी असतो तर गाडीच्या विजेला हातच लावला नसता. गाण्यांसाठी वेगळी बारा व्होल्टची छोटी बॅटरी. सीलबंद, पाणी न घालायची, इन्व्हर्टर-यूपीएसवाल्यांकडे मिळते ती सव्वीस एएचची (अँपिअर-तासांची). वजन आठ-नऊ किलो, एका हाताने उचलता येते. हिशेब करा: पन्नास वॅटचे चार चॅनेल (स्पीकरसाठीच्या वेगळ्या वाटा) असलेला डिजिटल अँप्लिफायर, ज्याला क्लास डी म्हणतात, अगदी पूर्ण पेटवला तर अठरा-वीस अँपिअर घेईल. पण माणूस गाणं तसं ऐकत नाही. केबिनमध्ये चांगल्या आवाजात सरासरी दोन-तीन अँपिअर जातात. बॅटरी अर्धीच वापरायची म्हटलं, म्हणजे तेरा एएच, तरी चार तास गाणी. काटोल ते नागपूर साठेक किलोमीटर. तुमची गाडी पन्नासच्या वेगाने आली तरी सव्वा-दीड तास. जाऊन-येऊन शिल्लक राहते. रात्री घरी चार्जरला लावा. उन्हाळ्यात बॅटरी गाडीत ठेवूच नका. उष्णतेत दहा अंश वाढले की तिचं आयुष्य निम्मं होतं असा आमचा ठोकताळा, आणि उन्हात उभ्या केबिनचं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. २०१३ च्या मेमध्ये नागपूरने ४७.९ बघितलंय, तेही सावलीतलं.

या वेगळ्या बॅटरीचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. जुन्या गाडीत स्टिरिओ लावला की निम्मी गिऱ्हाइकं आठवड्यात परत येतात: "भाऊ, आवाज येऊन राहिला." एक शिट्टीसारखा, रेस दिली की चढत जाणारा. तो डायनॅमोचा. दुसरा टिकटिक-टिकटिक, तोही रेसबरोबर पळणारा. तो प्लगच्या ठिणगीचा. शिट्टी बहुधा तारेतून येते, कारण अँप्लिफायर आणि डायनॅमो एकाच बॅटरीवर आणि एकाच अर्थवर, म्हणजे पत्र्यातून विजेच्या परतीच्या वाटेवर, बसलेले. तुमची केबिन चॅसीवर रबराच्या गाद्यांवर ठेवलेली आहे, म्हणजे केबिनच्या पत्र्याचा अर्थ मुळातच कच्चा. एका पत्र्यावर एक व्होल्टेज, दुसऱ्यावर दुसरं, आणि तो फरक स्पीकरमधून गातो. गाण्यांची बॅटरी गाडीपासून वेगळी ठेवली, तिची निगेटिव्ह बॉडीला कुठेच लावली नाही, तर शिट्टीला आत यायला वाटच उरत नाही. अँप्लिफायर पत्र्यावर नाही, लाकडावर बसवा. पुष्कळ अँप्लिफायरची बॉडी आतून निगेटिव्हला जोडलेली असते. फोन चार्ज करायचा तोही याच बॅटरीवरून. आणि गाणी ब्लूटूथने, तारेने नको. बाहेरचा एरिअल लावायच्या फंदात पडू नका, त्याच्या तारेची बाहेरची जाळी पत्र्याला टेकते आणि शिट्टीची बंद केलेली वाट पुन्हा उघडते.

टिकटिक उरलीच तर प्लगच्या तारा कार्बन गाभ्याच्या घाला. डायनॅमोवर कंडेन्सर लावायची वेळ आली तर तो आर्मेचरच्या पिनवर, म्हणजे जाड तार येते तिथे. फील्डच्या पिनवर कधीच नाही, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. हे एवढ्यासाठी लिहितो की दोन्ही पिना शेजारी असतात आणि लावणारा बऱ्याचदा जिथे स्क्रू सैल तिथे लावून मोकळा होतो.

बॅटरीची जागा सीटखाली, टाकीकडे नाही, पुढच्या कडेला. खाली लाकडी ट्रे, वरून पट्टा, पिनांवर रबरी टोप्या. पॉझिटिव्हच्या तारेवर पिनेपासून वीतभर अंतरात पंचवीस अँपिअरचा फ्यूज. तो अँप्लिफायरजवळ लावून उपयोग नाही. मधली तार कुठे पत्र्याच्या कडेने घासली तर फ्यूज तिच्या अलीकडे हवा. स्विच डॅशच्या खाली, टाकीपासून लांब. मुख्य तार सहा स्क्वेअर एमएमची, लांबी मीटरभरसुद्धा होत नाही, त्यामुळे व्होल्टेज कुठे पडायचा प्रश्न नाही. स्पीकरला दीड स्क्वेअर एमएम बस्स. तार घेताना दुकानातच तिचं टोक सोला आणि नखाने नाही, ब्लेडने एक धागा खरवडा. वरून तांबडा, आतून चांदीसारखा पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ती परत ठेवा. 'ऑडिओ केबल' असं पारदर्शक वेष्टणात सोन्यासारखं चकाकणारं जे विकतात त्यात हे फार. घराच्या वायरिंगची साधी आयएसआय मार्कची लवचीक तांब्याची तार याहून कधीही चांगली.

स्पीकर कुठे? तुमच्या डॅशच्या मधोमध उभ्या पट्ट्यांची जाळी आहे. ती रेडिओच्या स्पीकरसाठीच केलेली, त्या काळी रेडिओ जादा पैशाने मिळायचा. आत जुना कागदी स्पीकर किंवा रेडिओचा डबा सापडला तर फेकू नका आणि फोनही जोडू नका. त्या वेळचा रेडिओ व्हॉल्व्हचा, सहा व्होल्टचे दोनशेच्या वर करून चालणारा. कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एका ट्रकमालकाकडे असा डबा होता. बटण दाबलं की आधी नुसता 'गुं' असा आवाज, मग मिनिटाभराने ५८५ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी नागपूर हळूहळू वर यायचं. ते ऐकायला आम्ही पोरं बोनेटला टेकून उभी राहायचो.

त्या जाळीमागे एकच स्पीकर मावतो, आणि गाणी तर डाव्या-उजव्या दोन वाटांनी येतात. यासाठी डबल व्हॉइस कॉइलचा स्पीकर घ्या. एकाच कोनावर दोन कॉइल, एकीला डावा चॅनेल, दुसरीला उजवा. दोन्ही तारा पिळून एका साध्या स्पीकरला जोडायचा जुगाड करू नका, अँप्लिफायर जातो. माप मी सांगणार नाही. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून जाळीमागे धरा, पेन्सिलने कडा आखा, खोली पट्टीने मोजा आणि तो पुठ्ठा घेऊन नागपूरच्या बर्डी बाजारात जा. सगळं मूळ बोल्टवर बसलं पाहिजे, नवं भोक एकही नको.

डॅशमधला छोटा स्पीकर गळा आणि सतार सुंदर देईल, तबल्याचा डग्गा देणार नाही. तो सीटखालून आणायचा. इथे एक गोष्ट घरी करून बघा. कोणताही सहा इंची स्पीकर उघडा हातात धरून गाणं वाजवा. डबा वाजल्यासारखं किरकिरेल. आता मोठ्या पुठ्ठ्याला त्या मापाचं भोक पाडून स्पीकर त्यावर दाबून धरा. डग्गा आलाच म्हणून समजा. कोन पुढे जातो तेव्हा मागे हवा ओढतो. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की जाड आवाज मरतो. मध्ये भिंत हवी. म्हणून मी भिंतीवर पैसे आधी लावतो, स्पीकरच्या नावावर नंतर.

सीटखाली दोन बंद पेट्या, प्रत्येकीत एक सहा किंवा साडेसहा इंची स्पीकर, तोंड पुढे पायांकडे. आतून चाळीस बाय पंचवीस बाय बारा सेंटिमीटर धरलं तर बारा लिटर हवा मिळते, स्पीकरचं धूड वजा जाता अकराच्या आसपास. पुरेशी आहे. प्लाय अठरा एमएम, मरीन, त्यावर आयएस ७१० छापलेलं असतं ते. इतवारीत ढीगभर मिळतं. एमडीएफ आवाजाला चांगलं, पण जुनी पिकअप पावसात तळातून पाणी घेते आणि एमडीएफ दोन पावसाळ्यांत बिस्किटासारखं फुगतं. सांधे फेव्हिकॉल लावून स्क्रूने आवळा, आतून कडेने सिलिकॉन फिरवा. पेटी एवढी बंद हवी की कोन बोटाने हळूच दाबला तर सावकाश परत आला पाहिजे. पटकन आला तर कुठेतरी फट आहे.

पण पेटीची उंची किती ठेवायची? सीट रिकामी असताना मोजू नका, माझ्या ॲम्बेसेडरच्या काचेचीच ती चूक होते. घरून कणकेचे पाच-सहा गोळे आणा. पेट्या आणि बॅटरी येतील त्या जागी सीटखाली ठेवा, वर प्लास्टिक टाका. मग घरातली सगळ्यात जड दोन माणसं सीटवर बसवा आणि दोनदा उसळवा. सीट काढून दबलेल्या गोळ्यांची उंची मोजा, त्यातून दीड बोट वजा करा. तीच तुमची कमाल उंची. बॅटरीच्या वरच्या पिना सीटच्या स्प्रिंगला टेकल्या तर काय होईल हे सांगायची गरज नाही.

स्पीकर घेताना खोक्यावरचा 'कमाल ३०० वॅट' बघू नका. आरएमएस (सतत पेलतील ते खरे वॅट) आणि सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला किती आवाज) बघा. सेन्सिटिव्हिटी तीन डेसिबलने जास्त म्हणजे अर्ध्या विजेत तेवढाच आवाज. ८८ वाल्याऐवजी ९१ वाला घेतलात की बॅटरी दुपटीला आली. चार ओहमचे घ्या. कडेचा गोल पट्टा रबराचा हवा. फोमचा आमच्या इकडच्या उन्हात काही वर्षांत बोटाला चिकटून येतो. कोन पॉलीचा चालेल, कागदाचा गोड वाजतो पण ओल धरतो.

जोडणी सोपी आहे. चार चॅनेलचा छोटा अँप्लिफायर: पहिले दोन डॅशच्या दोन कॉइलना, पुढचे दोन सीटखालच्या पेट्यांना. अँप्लिफायरमध्ये फिल्टर असतो, डॅशला १५० हर्ट्झच्या खालचं देऊ नका आणि पेट्यांना १५०-२०० च्या वरचं देऊ नका. मग गळा समोरून येतो आणि डग्गा कुठून येतो ते कळत नाही, जे हवंच आहे. प्लस-मायनस उलटसुलट झालं तर जाड आवाज गायब होतो. पेट्या बंद करण्याआधी पेन्सिल सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन पुढे उडी मारतो. शेवटी गेन. तो आवाजाचा खटका नाही, फोनच्या आवाजाशी अँप्लिफायर जुळवायचं बटण आहे. फोन ऐंशी टक्क्यांवर ठेवा, गेन हळूहळू वाढवा, गळा फाटायला लागला की थोडा मागे घ्या आणि तिथेच सोडा.

दारांच्या पत्र्याला मात्र काहीतरी करा, न कापता. बोटाच्या पेराने दाराच्या मध्यावर टकटक करा, रिकामा पिंप वाजल्यासारखा 'टण्ण' येईल. आतून ब्युटिल रबराचा, ॲल्युमिनियम लावलेला चिकट ताव तेवढ्या मध्यावर चिकटवा, तिसरा हिस्सा झाकला तरी पुरे, आवाज 'ठप्प' होतो. खालची पाण्याची भोकं मोकळी सोडा. स्वस्तातला डांबरी ताव नागपुरात नको. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिच्या दारातून जूनमध्ये काळा ओघळ पायरीवर उतरला होता.

मीटर घेऊन सगळं तपासा, पण मीटरही आधी नव्या सेलवर तपासा. २०२४ च्या मेमध्ये नागपुरातल्या एका सरकारी तापमापक यंत्राने छप्पन अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला. आणि तुमची शेव्हरोले कारखान्यातून निगेटिव्ह अर्थची आली असली (त्या काळच्या फोर्ड आणि डॉज पॉझिटिव्ह अर्थच्या) तरी सत्तर वर्षांत किती हात लागले असतील. बॅटरीची कोणती पिन बॉडीला जोडली आहे ते एकदा बघाच.

बजेटमध्ये बसतं, आणि हजार वॅटचं नाव न घेता बसतं. पायापाशी बाजूच्या पत्र्यावर पेट्या करून आवाज आणखी चांगला करता येतो, पण तुमच्या बाजूला पेडल आणि पायाने दाबायचा डिपर आहे, बूट घालून बघितल्याशिवाय तिथे काही नको. ते पुढच्या हिवाळ्यात बघू. सध्या डॅशचा पुठ्ठा, कणकेच्या गोळ्यांची मापं आणि सीटमागच्या टाकीचा एक फोटो तेवढा पाठवा. टाकीच्या सांध्याला पेट्रोलचा ओलावा दिसला, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी गाडी डेंटरकडे टाकीसाठी न्या.